सावडीची पेज

माझी आई उपाशी मेली असती, पण कुणाच्या दारात वाडगा घेऊन उभी राहिली नसती. लोकांना वाटतं, याचा मला फार अभिमान असेल. आता आहे. त्या उन्हाळ्यात मात्र मला तिचा भयंकर राग आला होता.

आमचं गाव बोर्ली पंचतनच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. वडील मुंबईला गिरणीत. गिरणी बंद पडली आणि घरातलं भात चैत्रातच सरलं. मी नऊ वर्षांची, धाकटा भाऊ पाचाचा. शाळा चालू होती तोवर आमचं निभलं, कारण बोर्लीच्या एका व्यापाऱ्याने शाळेला तांदळाच्या कण्या लावून दिल्या होत्या आणि दुपारी प्रत्येक पोराला वाडगाभर पेज मिळे. शाळेत मिळतं ते सरकारचं, असं आई धरून चालली होती, म्हणून तिला ते चाले. मग मे महिन्याची सुट्टी लागली आणि शाळेबरोबर पेजही बंद झाली. आठ दिवसांत भाऊ खेळायचा थांबला. दिवसभर ओट्यावर पडून राही.

मास्तर आणि मास्तरीणबाई शाळेच्याच मागच्या खणात राहत. दोघं घाटावरची, आणि त्यांच्या जातीत आमच्या घरचं पाणीसुद्धा चालत नसे. बाईंचं मन मोठं, पण गावची रीत ठाऊक नाही. त्या व्यापाऱ्याकडून त्यांनी सुट्टीपुरत्या कण्या मागून आणल्या आणि गावात दवंडी पिटवली, की ज्यांच्या घरी खायला नाही त्यांनी पोरं पेजेला पाठवावीत. झालं! त्या दुपारी गावातल्या एकूण एक घरातून धूर निघाला. आमच्याही. आमच्या चुलीवर नुसतं पाणी उकळत होतं आणि शेजारणीला आवाज जावा म्हणून आई त्यात डाव फिरवत बसली होती.

"आई, जाऊ दे ना आमाला."

"दवंडी पिटून बोलावल्यावर जायाचं? आपण काय भिकारी हाय?"

मी तडक उठले आणि बाईंचं दार गाठलं. पेजेचं पातेलं तसंच भरलेलं, आणि बाई पदराने डोळे पुसत बसलेल्या. मी तेव्हाही तोंडाळच होते. म्हटलं, "बाई, तुमचं चुकलं. पेजेला काय बोलावता? कामाला बोलवा, सावडीनं."

सावड म्हणजे एकाच्या कामाला सगळ्यांनी जायचं. ज्याचं काम त्याने सगळ्यांना जेवू घालायचं, आणि पुढे त्यानेही एकेकाच्या कामाला जायचं, तिथे जेवायचं. घरचं माणूस सावडीला आलं की त्याची पोरंही तिथेच जेवतात. त्यात कुणाची मान खाली जात नाही. बाईंना मी हे सगळं उभ्या उभ्या शिकवलं. नऊ वर्षांच्या पोरीने मास्तरणीला शिकवलं, हे मी अजून सांगत फिरते.

दुसऱ्या दिवशी निरोप फिरला, की बाईंचं छप्पर शाकारायचं आहे, सावडीला या. अख्खं गाव लोटलं, आणि सगळ्यांच्या पुढे माझी आई. मोठी माणसं छपरावर चढली, आम्ही पोरांनी खालून पेंढ्या दिल्या आणि दुपारी पोट तट्ट होईस्तोवर पेज प्यायलो. छप्पर दोन दिवसांत झालं, पण बाई आता शहाण्या झाल्या होत्या. मग कुडाची भिंत लिंपायची निघाली, मग अंगण चोपायचं (पाऊस तोंडावर असताना!), मग लाकडं रचायची, मग रचलेली हलवायची. एवढं काम लाटसाहेबाच्या बंगल्यालाही निघत नसेल. सुट्टी संपायच्या आत भाऊ पुन्हा आंब्यावर चढू लागला.

आईला मात्र एक गोष्ट खात होती. "सावड उलटली तरच सावड," ती म्हणे. "मास्तरीण आपल्या लावणीला आली आन् आपलं जेवली, तर बरं. न्हाय तर इतके दिवस आपण भीकच खाल्ली."

गावच्या बायका म्हणत, येईलही एखाद्या वेळी चिखलात, पण जेवेल कशाला? तिचे लोक तिला वाळीत टाकतील. मी छातीठोक सांगे, जेवतील. आतून माझी पाचावर धारण बसली होती.

आषाढात बाई आल्या. काष्टा घट्ट मारलेला, डोक्यावर मागून आणलेलं इरलं. त्यांनी लावलेली भाताची ओळ इतकी वाकडी होती, की आईने ती त्यांच्या पाठीमागून गुपचूप उपटून पुन्हा लावली. दुपारी आईने टोपली उतरवली. आदल्या दिवशी दुसऱ्याच्या शेतात राबून मिळवलेल्या कण्यांची पेज, नव्या मडक्यात रांधलेली. तिने बाईंपुढे पानाचा द्रोण ठेवला आणि दोन पावलं मागे सरून उभी राहिली. शेजारच्या शेतातली लावणी थांबली.

बाईंनी हात धुतले, बांधावर बसल्या. द्रोण तोंडाला लावून एक घोट घेतला, मग आणखी एक. मग तोंड वाकडं करून म्हणाल्या, "वहिनी, मीठ कमी पडलंय हो."

आईच्या रांधण्याला नाव ठेवायची वडिलांचीसुद्धा छाती नव्हती. तिने डोळ्यांना पदर लावला, मिठाची करवंटी पुढे सरकवली आणि म्हणाली, "मंग घे की बाय, तुझ्या हातानं."