कायोटीनं पास केलेली कवळी

"मला काय विचारतेस डॉक? त्याला विचारायला हवं."

कवळी तोंडात बसवून मी "कसं वाटतंय?" म्हटलं की हे गृहस्थ दर वेळी हेच उत्तर द्यायचे आणि खिडकीतून दिसणाऱ्या उघड्याबोडक्या टेकड्यांकडे बोट करायचे. 'तो' म्हणजे कायोटी. आपल्या कोल्ह्याहून मोठा, लांडग्याहून लहान आणि अक्कल दोघांपेक्षा जास्त, असा इकडचा प्राणी. माझ्या पेशंटांनी कवळीची परीक्षा सफरचंद खाऊन घेतली आहे, मक्याचं कणीस खाऊन घेतली आहे, एका आजींनी तर नातवाचा पापा घेऊन घेतली. पण कायोटीकडून कवळी पास करून घेणारा माणूस मला हा एकच भेटला.

मी मूळची नागपूरची, दातांची डॉक्टर. इथे येऊन सगळ्या परीक्षा पुन्हा दिल्या. नवरा डोंगराअलीकडच्या बॉथेल शहरात सॉफ्टवेअरमध्ये आणि मला नोकरी मिळाली ती डोंगरापलीकडे, जिथे पाऊस संपतो, झाडं संपतात आणि माणसंही जवळपास संपत येतात अशा एका गावात. सोमवारी पहाटे घाट ओलांडायचा, गुरुवारी संध्याकाळी परत ड्राइव्ह करायचं. बॉथेलच्या मैत्रिणी विचारायच्या, "यार, तिथे तू करतेस तरी काय?" काय करणार, दात काढते.

ते पहिल्यांदा आले तेव्हा एक गाल टम्म सुजलेला होता. सत्तरी उलटलेली, अंगानं वाळलेले, उंच, टोपी काढून हातात धरलेली. वरचे सगळे दात हलत होते. मी एक्स-रे दाखवला आणि म्हटलं, यात वाचवण्यासारखं काही उरलेलं नाही. त्यांनी त्या फोटोतल्या पुढच्या दातांवर बोट ठेवलं.

"पुढचे दोन ठेवता येतील का? तेवढ्यावर माझं काम भागेल."

मला वाटलं, बघा, या वयातही दिसण्याची हौस आहे. समजूत काढली, दात काढले, हिरड्या भरून आल्यावर कवळी करून दिली. काय सुंदर झाली होती म्हणून सांगू! मी स्वतःवरच खूश होते. आठवडाभरानं हे हजर.

"खायला उत्तम," ते म्हणाले. "पण येत नाही."

"काय येत नाही?"

"कायोटी."

मग त्यांनी खिशातून एक लाकडी पुंगी काढली, बोटाएवढी. तिच्या तोंडाशी प्लास्टिकची एक पातळ पट्टी उघडी बसवलेली होती. त्या पट्टीवर दात टेकवून फुंकायचं. दात जरा पुढे सरकवला की आवाज चढतो, मागे घेतला की उतरतो. जखमी सशाच्या रडण्याचा आवाज. तो ऐकून कायोटी आयती शिकार समजून येतो, आणि इकडे माणूस रायफल घेऊन बसलेला असतो. गावाबाहेरच्या दरीत जन्मभर हे काम त्यांनी केलं होतं. वसंतात मेंढ्या व्यायला लागल्या की लोक आधी यांना फोन करायचे.

"बघ," म्हणाले आणि माझ्या खुर्चीत बसून त्यांनी जोरात फुंकलं.

कवळी मागून सुटली आणि सशाऐवजी कुकरची शिट्टी बिघडावी तसा आवाज निघाला. तरी तेवढ्यानंही शेजारच्या खोलीतल्या बाई दात साफ करून घेता घेता ताडकन उठून बसल्या, बाहेर कोणाच्या तरी पिकअपमधला कुत्रा भुंकायला लागला आणि आमची रिसेप्शनिस्ट दारात येऊन पांढऱ्या चेहऱ्यानं माझ्याकडे बघायला लागली. मी कोणाचा जीव घेतेय असं वाटलं असणार तिला. मला इतकं हसू आलं की मास्क लावलेला होता म्हणून बरं झालं.

ते मात्र हसत नव्हते.

त्यांच्या कुंपणाला लागून एका विधवा बाईंचं मेंढ्यांचं रान होतं. लहानसाच कळप. मागच्या वसंतात यांचे दात हलायला लागलेले होते, पुंगी नीट वाजत नव्हती, आणि एका कायोटीनं बाईंची कोकरं एकामागून एक उचलली होती. बाईंनी सांगून टाकलं होतं की यंदाही असंच झालं तर कळप विकणार आणि मुलीकडे शहरात जाणार.

"जाऊ देत की," मी म्हटलं. "त्यांनाही आराम मिळेल."

"आणि मी कोणाशी भांडू?" ते म्हणाले.

मग कळलं की या दोघांचं कुंपणावरून, कुत्र्यावरून, कॉफीच्या कडूपणावरून वर्षानुवर्षं रोज सकाळी भांडण चालत आलेलं आहे. त्या दरीत दोघांना दुसरं कोणी नव्हतं. मला काय ते समजलं. तुम्हालाही समजलं असेलच. ते दोघं मात्र ते कधी बोलले नसावेत.

मी विचारलं, आता स्पीकरचे डबे मिळतात ना, बटण दाबलं की आवाज येतो? तर म्हणाले, गावातली सगळी पोरं तेच डबे घेऊन फिरतात, त्यामुळे इकडच्या कायोटींना डब्याचा आवाज पाठ झालाय. डबा एकच गाणं म्हणतो. ऐकणारा दूर गेला की जवळ आला, दचकला की रेंगाळला, हे बघून आवाज बदलणं डब्याला जमत नाही. तेव्हा डॉक, दातांचं बघ.

मग आम्ही दोघं त्या कवळीच्या मागे लागलो. कवळीला पुढून वर दाब बसला की ती मागून निसटते, हे आम्हाला पहिल्याच वर्षाला शिकवतात. मी तिची मागची कड वाढवली, टाळूला घट्ट धरेल अशी केली. ते घरी जायचे, टेकडीवर बसायचे, परत यायचे. "त्याला पटलं नाही." मी पुढचे दात किंचित आत घेतले. "त्याला अजून पटलेलं नाही." एकदा मी वैतागले आणि म्हटलं, "तुमच्या त्याला एकदा इकडेच घेऊन या, मीच विचारते." ते गंभीरपणे म्हणाले, "अपॉइंटमेंट पाळणारा नाही तो."

शेवटी घाटात ड्राइव्ह करता करता माझ्या डोक्यात आलं. पुंगी मधोमध धरायचीच कशाला? कडेला धरली, चघळलेल्या काडीसारखी, तर दाब दाढेच्या अलीकडच्या दातावर पडेल आणि कवळी हलणार नाही. मी तो दात खालून सपाट घासला, पट्टी नेमकी टेकेल इतपत. त्यांना म्हटलं, आता तोंड वाकडं करून वाजवायला शिका. जन्मभराची सवय मोडायची म्हणजे चेष्टा नाही. त्यांनी कुरकुर केली, "या वयात वाकडं तोंड," म्हणाले, आणि महिनाभर शिकले. क्लिनिकमध्ये येऊन वाजवून दाखवायचे. आमच्या रिसेप्शनिस्टनं दारावर पाटी लावली होती की आतून येणारे आवाज दातांच्या उपचारांचे नाहीत.

मार्चच्या अखेरीस एकदा म्हणाले, "उद्या विचारायला जातोय. येतेस?"

मटण मीही खाते. तेव्हा पावित्र्याचा आव आणायचं मला काही कारण नव्हतं. तरी खरं सांगते, रात्री झोप लागली नाही.

उजाडायच्या जरा आधी आम्ही टेकडीच्या कुशीत, एका खडकाला पाठ लावून बसलो. वारा तोंडावर येत होता. समोर गुडघाभर उंचीची राखाडी झुडपं, त्यांच्यावर दवाचं बर्फ झालेलं. खाली दूर बाईंचा गोठा आणि त्यात कोंडलेल्या मेंढ्यांचं अधूनमधून बें बें. त्यांनी रायफल दोन काठ्यांच्या कात्रीवर टेकवली आणि मला सूचना दिल्या. "नाक खाजवायचं नाही. खोकायचं नाही. घाबरायचं असेल तर आतल्या आत घाबर."

मग पुंगी तोंडाच्या कोपऱ्यात धरली.

तोच आवाज. क्लिनिकमध्ये इतक्या वेळा ऐकलेला, ज्याला मी हसलेही होते. पण तिथे, त्या मोकळ्या थंडीत, तो हसण्यासारखा नव्हता. एक लहानसा जीव मरत होता आणि मरायला तयार नव्हता, असं ते रडणं होतं. ते वाजवत होते हे मी डोळ्यांनी बघत होते, तरी सगळं अंग सांगत होतं की ऊठ, जा, त्याला सोडव. त्यांनी आवाज चढवला, तोडला, धाप लागल्यासारखा केला. मग थांबले. सगळीकडे चिडीचूप. मग अगदी बारीक, हरलेला एक हुंदका.

समोरच्या उतारावर काहीच नव्हतं, आणि मग तो होता. तो कुठून आला ते मी आजही सांगू शकत नाही. पाठीवर राखाडी, पायांशी तांबूस, कान ताठ. एकेक पाऊल असं टाकत होता की बर्फाला कळू नये. मध्येच थांबला, नाक वर केलं आणि वाऱ्यावर आमचा वास लागेल अशा बेतानं आम्हाला वळसा घालायला लागला. पुंगीची पट्टी गप्प झाली. त्यांनी नुसत्या ओठांनी उंदरासारखं चुटकन केलं. त्यानं मान वळवली आणि सरळ आमच्याकडे पाहिलं. पिवळे डोळे. आयुष्यात माझ्याकडे इतकं लक्ष देऊन कोणी पाहिलेलं नाही. त्यानं पळून जावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि त्यानं अजून पुढे यावं असंही तितकंच वाटत होतं, कारण ते दात मी केले होते. तो पुढे आला.

बार झाला. टेकड्यांनी तो परत परत फेकला आणि मग खालच्या मेंढ्याही गप्प झाल्या.

मला वाटलं, आता हे आनंदानं माझा हात हातात घेतील. ते उठलेच नाहीत. पुंगी मुठीत धरून बसून राहिले.

"त्याला खरं वाटलं, डॉक," ते म्हणाले. "बघितलंस? त्याला खरं वाटलं."

आम्ही खाली गेलो. ते गुडघ्यांवर बसले, टोपी काढली आणि कायोटीच्या कानामागे हात ठेवला. मग त्याचा वरचा ओठ अलगद उचलून मला बोलावलं. "ये, तुझ्या कामाचं आहे."

एक सुळा मुळाशी तुटलेला होता. दुसरा झिजून बोथट झालेला. हिरडी सुजलेली, लाल. दाढांची तीच गत. सशामागे धावून त्याला धरणं या तोंडानं शक्यच नव्हतं. कोकरू मऊ असतं आणि पळत नाही, म्हणून तो कुंपणाशी यायचा. जाणूनबुजून त्रास द्यायला नाही, पोट भरायला. मी वाकून जवळून बघितलं. हा माणूस पहिल्यांदा माझ्या खुर्चीत बसला होता तेव्हाचा एक्स-रे अगदी असाच होता.

"मला तू मिळालीस," ते हळूच म्हणाले. "याला कोण मिळणार होतं?"

मी डॉक्टर आहे, रक्ताला घाबरत नाही. त्या दिवशी मात्र ढसाढसा रडले. त्यांनी मला रडू दिलं. मग त्याच जागी खड्डा खणून त्यांनी त्याला पुरला. कातडं काढलं नाही. आम्ही बाईंकडे गेलो. बाईंनी कॉफी दिली आणि म्हणाल्या, "बार उशिरा ऐकला. म्हातारपण आलंय तुला." हे म्हणाले, "तुझी कॉफी प्यायल्यामुळे." बाईंनी त्या वर्षी कळप विकला नाही, पुढच्या वर्षीही नाही.

नंतरची काही वर्षं ते फक्त तपासायला यायचे. गेल्या हिवाळ्यात आले तेव्हा कवळी तोंडात खुळखुळत होती. जबडा आटला की असं होतं, आणि जबडा का आटतो हे मला कळतं. छातीचं दुखणं होतं, श्वास पुरत नव्हता. मी म्हटलं, आता फुंकायचं बंद करा. म्हणाले, "एप्रिलपर्यंत घट्ट कर. कोकरं येतील." कवळीला आतून अस्तर लावायला एक दिवस लागतो, म्हणून त्यांनी ती माझ्याकडे ठेवली आणि मफलर तोंडावर ओढून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला तो शेजारच्या बाईंचा. कुंपणाशी आले नाहीत म्हणून त्या बघायला गेल्या होत्या. सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "त्याचे दात तुझ्याकडे आहेत का गं? दातांशिवाय तो बाहेर कोणाला तोंड दाखवत नाही."

मी उरलेल्या अपॉइंटमेंट कॅन्सल केल्या आणि कवळी डबीत घालून निघाले. गावातल्या ज्या घरात अंत्यसंस्काराची तयारी करतात तिथल्या माणसाला ती बसवता येईना. मी कोट काढला, हात धुतले. ते टेबलावर होते, इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, बुटांना गोठ्यातला चिखल. मी कवळी ओली केली, अलगद आत सरकवली, अंगठ्यानं टाळूशी दाबली. पहिल्या झटक्यात बसली. इतकी नेमकी ती कधीच बसली नव्हती. मी ओठ मिटवले, गालावरची घडी सरळ केली, आणि नेहमीच्या सवयीनं एक पाऊल मागे सरून वाट बघत उभी राहिले.

ते काहीच म्हणाले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच या माणसानं माझ्या कामाला नावं ठेवली नाहीत, आणि मला ते अजिबात सहन झालं नाही.