समेवर टाळी नसते

कार्डिफला आमच्या शेजारी एक वेल्श ड्रमर राहायचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने एक बल्गेरियन क्लॅरिनेटवाला आणि एक नॉर्वेजियन सॅक्सोफोनवाला गाठून जॅझचा संच जमवला. तालमी त्याच्या गॅरेजमध्ये, म्हणजे माझ्या स्वयंपाकघराला लागूनच. बल्गेरियन एकदा सुरू झाला की थांबायचं नाव घेत नसे. नॉर्वेजियन मात्र एक लांब सूर लावून इतका वेळ गप्प बसे, की मला वाटायचं, हा बहुधा घरी गेला.

खरं दुखणं सात मात्रांचं होतं. बल्गेरियनच्या गावाकडची लग्नातली चाल सातांची, आणि आमच्या शेजाऱ्याचा हात जन्माच्या सवयीने आठवी मात्रा ठोकून मोकळा होई. शेवटी बल्गेरियनने त्याला तोंडावर सांगितलं, कार्डिफच्या कार्यक्रमात पुन्हा चुकलास तर ब्रिस्टलला आम्ही ड्रमशिवाय जाऊ. शेजाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. मला त्या क्लॅरिनेटवाल्याचा भयंकर राग आला.

मी लहानपणी गाणं शिकलेली. म्हटलं, अरे, हा तर आपला रूपक ताल! मग मी तालमीला जाऊन बसू लागले. एका हातात चहाचा मग, दुसऱ्या हाताने मांडीवर सात मात्रा. शेजारी माझ्या हाताकडे बघून वाजवी आणि बहुतेक वेळा निभावून नेई. कार्यक्रमात पहिल्याच रांगेत बस, अशी त्याने मला गळ घातली.

मी पैठणी नेसून गेले. हातात मग नव्हता, पण अंगात गुरुजी संचारले होते. ताल धरायचा तर रीतसर. आता रूपकात समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, टाळी नसते, तिथे खाली असते, म्हणजे टाळीऐवजी हात बाजूला फेकायचा. तो मी असा झोकात फेकला, की शेजाऱ्याला वाटलं, मी त्याला थांबवतेय. तो थांबला.

"अगं, तू काय ट्रॅफिक कंट्रोल करतेयस का?" आमचे डॉक्टर, म्हणजे माझे यजमान, कुजबुजले.

"अहो, गप्प बसा ना, मात्रा चुकेल!"

माझी बोटं पुढे मोजू लागली तसा तो वाजवू लागला. पुढच्या समेला माझा हात पुन्हा बाहेर, हा पुन्हा गप्प. त्या रिकाम्या जागेत नॉर्वेजियन खूश होऊन आपला लांब सूर सोडू लागला. आठवी मात्रा काही आली नाही. शेजाऱ्याला दम खायला जी जादा मात्रा लागायची, ती उसंत आता समेवरच मिळत होती. लोकांना वाटलं, चाल अशीच बांधलेली आहे. टाळ्या कडाडून पडल्या.

कार्यक्रमानंतर शेजारी खाली मान घालून काठ्या पिशवीत भरत होता. बल्गेरियनने ती पिशवी उचलून स्वतःच्या खांद्याला लावली.

"ब्रिस्टलला सकाळी लवकर निघायचं," तो म्हणाला.

माझे डोळे भरून आले. दोघं निघाले. दारातून बल्गेरियनने माझा निरोप घेतला, तोही माझ्यासारखाच हात झोकात बाजूला फेकून.

मागून येणारा शेजारी जागच्या जागी थांबला.