गफूर सरांची हजेरी

गफूर सरांच्या वर्गात हजेरीला ‘प्रेझेंट सर’ म्हटलेलं चालत नसे. नाव पुकारलं की उभं राहायचं आणि आज आपल्याला कशाची भीती वाटते ते इंग्रजीत एका वाक्यात सांगायचं. त्या वाक्यात ‘माइट’ आलाच पाहिजे. वर्ग सकाळी सात ते आठ, लातुरात बालाजी टेलरच्या दुकानावरच्या खोलीत. आम्ही अकरा जण, सगळे चाळिशीच्या आसपासचे.

पहिल्या दिवशी बालाजी स्वतःच उभा राहिला आणि म्हणाला, “माय वाइफ माइट कम हिअर.” सगळे हसले. सर हसले नाहीत. “वाक्य बरोबर हाय. पन भ्या खरं हाय का?”

“लई खरं हाय, सर.”

मग सरही हसले. म्हणाले, “खरं भ्या असलं की वाक्य पाठ करावं लागत न्हाई.”

मी खासगी रुग्णालयात सिस्टर आहे. त्या वर्षी आमच्याकडे केरळचे नवे डॉक्टर आले. त्यांना मराठी येत नव्हती आणि इंग्रजी बोलणं घाईचं. मला अर्धंच कळायचं, तरी मी ‘येस डॉक्टर’ म्हणायचे आणि दुसऱ्या वॉर्डातल्या, इंग्रजी कळणाऱ्या नर्स मुलीला जाऊन विचारायचे. एक दिवस ती मुलगी रजेवर होती. काही बिघडलं नाही, पण काय काय बिघडू शकलं असतं याची मी घरी जाऊन यादी केली. सात गोष्टी झाल्या. दुसऱ्याच दिवशी सरांच्या वर्गात नाव घातलं.

माझं पहिलं वाक्य होतं, “अ पेशंट माइट डाय बिकॉज ऑफ मी.” सर म्हणाले, “बसा, सिस्टरबाई. अवघड वाक्य बोलून झालं तुमचं. बाकीची निघतील तोंडातून.”

सर मूळचे औशाचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. बायको गेलेली, मुलगी नांदेडला. शिकवणं त्यांचं असं, “शुड म्हंजे आईचं बोलनं, मस्ट म्हंजे पोलिसाचं. मे इजाजत मागतो, कॅन ताकद दाखवतो.” कोणी ‘गिव्ह मी वॉटर’ म्हटलं की त्यांना ऐकूच येत नसे. ‘कुड यू गिव्ह मी सम वॉटर?’ म्हटलं की स्वतः उठून माठातलं पाणी आणून देत. मला म्हणायचे, “अजून येस डॉक्टर म्हनूनच राहिल्या का? ‘कुड यू से दॅट अगेन?’ म्हना. चिडला तर चिडू द्या, पेशंट तर वाचंल.” मी म्हणायला लागले. डॉक्टर चिडायचे, पण पुन्हा सांगायचे.

मला यादीची सवय. प्रत्येकाचं नाव, तारीख, भीतीचं वाक्य, असं सगळं मी वहीत उतरवत होते. एकाच नावापुढे वाक्य नव्हतं. एके सकाळी मीच उभी राहिले. “नंबर बारा, गफूर सर.”

“मास्तरची हजेरी असती का कुठं?”

“आज आहे.”

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, “आय माइट डाय ऑफ ॲन इंजेक्शन.” आणि मराठीत सांगितलं, “लई वर्सं झाली. नांदेडला पायात खिळा गेला व्हता. पेनिसिलिन दिलं. गळा आवळला, तोंड असं सुजलं की पोरीनं वळखलं न्हाई.”

तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद हरवला होता. मी रागावले. “यू मस्ट कॅरी अ कार्ड, सर!”

“हाव, हाव. लिहितो.”

लिहिलं नाही. माझ्या वहीत मात्र लिहिलेलं राहिलं.

त्या थंडीत तीन दिवस वर्ग बंद होता. चौथ्या दिवशी मी दुपारी दोनला ड्युटीवर आले तर सहा नंबरच्या खाटेवर सर. बालाजीने रिक्षातून आणलं होतं. न्यूमोनिया, ताप, शुद्ध नाही. फाइलीत ॲलर्जीपुढे ‘नाही’ लिहिलेलं. बालाजीने सकाळच्या सिस्टरला सांगितलं होतं, “सर कधी गोळीसुद्धा घेत न्हाईत.” सरांनी नांदेडची गोष्ट सांगितली त्या दिवशी तो वर्गात नव्हता.

डॉक्टर खाटेशेजारीच उभे होते. त्यांनी एका इंजेक्शनचं नाव घेतलं. पेनिसिलिनच्याच गटातलं. “स्टार्ट इट नाऊ, सिस्टर.”

‘येस डॉक्टर’ जिभेवर आलं होतं. सरांची आठवण चुकीची असेल तर? औषधाला उशीर झाला आणि न्यूमोनियानेच गेले तर? सरांचा श्वास मला तिथूनही ऐकू येत होता.

“डॉक्टर, ही माइट डाय ऑफ इट.”

“व्हॉट? द फाइल सेज नो ॲलर्जी.”

“द फाइल इज राँग. पेनिसिलिन. इन नांदेड. हिज फेस स्वेल. वी मस्ट नॉट गिव्ह इट.”

“हू टोल्ड यू?”

“ही टोल्ड मी, डॉक्टर. इन रोल कॉल.”

डॉक्टरांनी एकदा सरांकडे, एकदा फाइलीकडे पाहिलं. मग त्यांनी नाव खोडलं, दुसरं औषध लिहिलं आणि फाइलीवर लाल पेनाने मोठी सूचना लिहिली. मी ते दुसरं औषध दिलं आणि सरांच्या खाटेशेजारीच थांबले.

पाचव्या दिवशी सर उठून बसले. मी कार्ड तयार ठेवलंच होतं. बालाजी म्हणाला, “कागद हरवतो, सिस्टर. मी शिवूनच देतो.” सरांच्या पाचही सदऱ्यांच्या कॉलरला आतून लाल दोऱ्याने त्याने इंग्रजीत ‘नो पेनिसिलिन’ शिवलं.

सरांची मुलगी त्यांना नांदेडला न्यायला आली. जाताना सरांनी दवाखान्याच्या फाटकात आमची हजेरी घेतली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, “यू माइट नॉट कम बॅक, सर.”

“वाक्य बरोबर हाय,” सर म्हणाले. ‘भ्या खरं हाय का?’ हा पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

सात महिन्यांनी नांदेडहून मुलीचा फोन आला. सर हृदयविकाराने गेले. तिथल्या दवाखान्यात कॉलरवरचं वाचलं होतं, असं ती सांगत होती. ज्या दुखण्याने गेले त्याचं वाक्य माझ्या वहीत नव्हतं.

आमच्या फाइलीत ॲलर्जीचा रकाना छापलेला असतो. त्याखाली आता मी पट्टीने आणखी एक आखते आणि पेशंटला विचारते, “कशाचं भ्या वाटतंय?” बहुतेक जण म्हणतात, “कशाचं न्हाई वो, सिस्टर.” मी पेनाला टोपण लावत नाही. खाटेशेजारी उभी राहते. थोड्या वेळाने ते बोलायला लागतात.