तुळसाला वेडं कोणी ठरवलं

आमच्या लालबागच्या चाळीत अक्कल फुकट वाटली जायची, आणि ज्याच्याकडे ती सगळ्यात कमी, तोच सगळ्यात जास्त वाटायचा. मी समोरच्याच खोलीत राहायचे, म्युनिसिपल शाळेत शिकवायचे, आणि तुळसाला रोज उठता-बसता बघायचे. बाकीच्यांनी न बघताच मतं देऊन टाकली.

तुळसा वरळी कोळीवाड्यातली. नवरा सीताराम गिरणीत मागावर होता. घरात सासू आनंदीबाई आणि चार वर्षांची मुलगी यशोदा. तुळसा काही गोड बाई नव्हती, हे आधीच सांगते. हळदीकुंकवाला बोलावलं तर ‘मना नाय आवडत’ असं तोंडावर सांगायची. पाठीवर कोणी हात ठेवला तर अंग चोरायची. बोलताना तुमच्या डोळ्यांत न बघता गळ्यातल्या मण्यांकडे बघायची. आणि सांगितलेलं सगळं तिला खरं वाटायचं. शेजारची रखमा एकदा उगाच तोंडदेखलं म्हणाली, ‘ये की गं एकदा जेवायला.’ ही संध्याकाळी पोरीला घेऊन तिच्या दारात हजर. रखमाने ते वर्षभर चाळीला हसून हसून सांगितलं. खोटं बोलली रखमा आणि हसं झालं तुळसाचं, असा आमच्याकडचा न्याय.

त्याच बाईचा वेंधळेपणा बघाल तर तोही अफाट. डबे उंचीप्रमाणे लावायला घ्यायची, अर्ध्यावर नळाची आठवण यायची, नळावर जाता जाता यशोदाची वेणी, वेणी अर्धवट टाकून तांदूळ. संध्याकाळी खोलीभर पसारा, आणि त्या पसाऱ्याने तीच रडकुंडीला आलेली. तिला सगळं जागच्या जागी हवं असायचं, आणि जागच्या जागी ठेवणं तिलाच जमत नसे. चाळीने यावर दोन शिक्के तयार ठेवले होते. सकाळी ती खडूस, संध्याकाळी बावळट. एकाच बाईत ही दोन्ही कशी नांदतात, हा प्रश्न पडायला डोकं लागतं.

तरी घर चालायचं, ते गिरणीच्या भोंग्यामुळे. पहिला भोंगा झाला की स्टो पेटायचा. दुसऱ्याला सीतारामचा डबा. दुपारच्याला यशोदाची आंघोळ, पाळी सुटल्याच्या भोंग्याला भात. रोज तोच आवाज, त्याच वेळेला, आणि तो ऐकायचं लक्षात ठेवावं लागत नसे. तो येऊन कानात शिरायचाच. तुळसा कुठेही भरकटलेली असली तरी भोंगा तिला धरून चुलीपाशी आणून बसवायचा.

ब्याऐंशी साली संप झाला आणि आमच्या बाजूचा भोंगा बंद पडला.

पहिल्या महिन्यात कोणाला काही कळलं नाही. मग तुळसाच्या खोलीतून करपल्याचा वास यायला लागला. कधी दुपार टळली तरी यशोदा उपाशी, कधी एकाच सकाळी दोनदा भात. त्यात सीताराम दिवसभर घरात, तिच्या ठरलेल्या वाटांमध्ये पाय पसरून बसलेला. एक दिवस पोरीच्या अंगाला साबण लावून ती सुके बोंबील आवरायला गच्चीवर गेली आणि तिकडेच रमली. यशोदा मोरीत कुडकुडत, गळा काढून रडत होती. आनंदीबाईला एवढं पुरे होतं.

गॅलरीत तेव्हा पुरुषांचा बाजार भरलेला असायचा. पत्ते, विड्या आणि राजकारण. माझा नवराही त्यातलाच. गिरणी हातात नव्हती, म्हणून सगळे मिळून सीतारामचं घर चालवायला बसले. एक म्हणाला, संपाचा धक्का बसला. दुसरा म्हणाला, बाहेरचं काहीतरी आहे. आनंदीबाईने भगत आणला. त्याने लिंबू कापलं, कोंबडं घेतलं आणि जेवून गेला. मग परळच्या एका डॉक्टरने गोळ्या दिल्या, त्या घेऊन ती दिवसभर झोपायला लागली. झोपलेली बाई शांत दिसते, म्हणून चाळ डॉक्टरवर खूश.

तुळसाने स्वतः काय होतंय ते सांगितलं होतं. माझ्यासमोर, भर गॅलरीत. ‘भोंगा नाय तं मना दिवस कलत नाय. कुठनं सुरू करू?’

सगळे खो खो हसले. ‘घे, हिला भोंगा हवाय! मालकाला सांगा, संप मिटव, आमच्या तुळसाबाईंचा भात राहिलाय!’ असं म्हणणारा भिवा स्वतः पहिल्या भोंग्याशिवाय कधी अंथरुणातून उठला नव्हता.

सीतारामने गजराचं घड्याळ आणलं, तेवढं एक डोकं चालवलं त्याने. पण त्या घड्याळाचा ठणठणाट झाला की तुळसा कान दाबून कोपऱ्यात बसायची. गजर न लावता नुसतं भिंतीशी ठेवलं, तर घड्याळाकडे बघायला हवं हेच तिला आठवायचं नाही. मी आनंदीबाईंना म्हटलं, हिला रोज ठरल्या वेळेला एकाच माणसाने एकाच शब्दात हाक मारा, बघा फरक पडतो का. त्या म्हणाल्या, ‘बाई, तुमी शालंत शिकवा. आमचं घर आमाला कलतं.’

शेवटी आनंदीबाईने निकाल दिला: सून वेडी आहे, तिने माहेरी जावं आणि पोर इथे राहावी. सीताराम मूग गिळून बसला. एवढा संपात घोषणा देणारा माणूस, घरात आईपुढे त्याच्या तोंडून एक शब्द फुटला नाही. त्याचा मला आजही संताप येतो. तुळसाची ट्रंक भरून तिला बसने वरळीला पोचवलं. यशोदाला भेटायची परवानगी होती, अट एकच: रविवारी सकाळी, देवपूजा व्हायच्या आत. उशीर झाला तर भेट नाही. जिला वेळ कळत नाही म्हणून घराबाहेर काढलं, तिलाच वेळेची अट! असली क्रूर हुशारी शाळेत शिकून येत नाही.

तुळसा यायची. मंगळवारी यायची, रविवारी दिवेलागणीला यायची, भर दुपारी घामाघूम होऊन यायची. आनंदीबाई खाली जिन्याच्या पायरीवर ठाण मांडून बसलेली. काय बोलणं व्हायचं ते वर ऐकू येत नसे, पण तुळसा मान डोलवायची आणि मुकाट परत जायची. यशोदाला सांगितलं जायचं, ‘तुझी आई तुला विसरली.’ पुढे यशोदा माझ्याच शाळेत आली तेव्हा मी पोरीला खरं सांगितलं, तर आनंदीबाईने शाळेच्या दारात तमाशा केला आणि तिचं नाव दुसऱ्या शाळेत घातलं. पोरीने आजीचंच खरं धरलं. हळूहळू तुळसा यायची थांबली. गिरणी काही पुन्हा धड चालली नाही.

तीसेक वर्षांनी यशोदाने मला दादरला एका डॉक्टरीणबाईंकडे सोबत नेलं. तिची आठ वर्षांची मुलगी शाळेत ‘ऐकत नाही’ म्हणून नकोशी झाली होती. सीतारामही आला होता, म्हातारा आणि तसाच गप्प. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिला ऑटिझमही आहे आणि एडीएचडीही. एकात ठरलेलं बदललं की जीव घाबरा होतो, दुसऱ्यात ठरलेलं हातून निसटत राहतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं: मूल सांगितलेलं करत नाही. एकाच माणसात दोन्ही असली की ती आपसात भांडतात. आत्ता आत्तापर्यंत डॉक्टरांच्या पुस्तकात दोन्ही नावं एकत्र लिहायची सोय नव्हती, असंही त्या म्हणाल्या. म्हणजे माणसं होती, पुस्तकवाल्यांची सोय व्हायची राहिली होती. वा!

‘घरात आणखी कोणी असं होतं का?’ त्यांनी विचारलं.

‘नाय,’ सीताराम म्हणाला. ‘आमच्या घरात असलं कोनी नाय.’

मग मात्र मी तिथेच, त्या माणसाच्या तोंडावर, सगळं सांगितलं. भोंगा, घड्याळ, रविवारची अट. यशोदा मुलीचा हात धरून उठली आणि बापाला तिथेच सोडून बाहेर पडली. आम्ही टॅक्सीने सरळ वरळीला गेलो.

कोळीवाड्यात एका अरुंद गल्लीत बाया ओळीने बसून कोळंबी सोलत होत्या. तुळसा त्यांच्यातच. तिच्या भावजयीने सांगितलं, इतकी वर्षं ती इथे ठीक आहे. बाया बसल्या की बसते, उठल्या की उठते, कोणाला तिचा त्रास नाही. वेडी बाई म्हणे!

यशोदाने नाव सांगितलं. तुळसाने एकदा वर पाहिलं, तिच्या मंगळसूत्राकडे, आणि बाजूला सरकून जागा केली. नात न विचारता तिथे बसली आणि कोळंब्या मोठ्या-लहान अशा वेगळ्या करायला लागली.

‘तू वर का नाही आलीस गं?’ यशोदाने विचारलं. ‘मला एकदा तरी भेटायचं.’

‘येत व्हती की,’ तुळसा म्हणाली. हात चालूच. ‘सासू जिन्यात बसलेली आसायची. म्हनायची, पोर झोपलीय, उठवू नको. मंग मी जायची. झोपलेल्या पोराला कशाला उठवायचं?’

‘मी झोपलेली नसायचे, आई. एकदाही नाही.’

तुळसाचे हात थांबले.

‘मंग सासू खोटं बोलली?’ तिने विचारलं. इतक्या वर्षांत हे तिला कधी सुचलंच नव्हतं.