कंट्रोलचा तुकडा

आमच्या घरात इंग्रजी कळणारा मी एकटा, असा माझा समज. आणि दुर्दैवाने दादाचाही. हिंगणीच्या वाटेवर सिंचन संशोधन केंद्र उभं राहत होतं. मी तिथे कारकून. इमारतीला दारं लागायची होती, पण पाणी वाचवण्याच्या प्रयोगासाठी शेतकऱ्याचा बगिचा तातडीने हवा होता. मी छाती फुगवून दादाचा संत्र्याचा बगिचा सुचवला.

एका तुकड्याला ठिबकने पूर्ण पाणी, दुसऱ्याला निम्मं, तिसऱ्याला काहीच नाही. तिसरा म्हणजे कंट्रोल, बाकी दोघांशी तुलना करायला.

"कंट्रोल?" दादाने विचारलं.

आमच्याकडे रेशनच्या दुकानाला कंट्रोल म्हणतात. मी विनोद केला, "सरकारीच हाये दादा, भेटन काही ना काही."

दादाने विनोद खरा धरला आणि तिसऱ्या तुकड्याला स्वतःहून पाणी देणार नाही, अशा कागदावर सही केली.

केंद्राच्या साहेबांनी मला बजावलं होतं, पानं मुरडली की कळवा, लगेच पाणी सोडू. कळवायचं काम माझं.

एप्रिलमध्ये दादा केंद्रावर आला. "बाबू, पानं गोळा होऊन राह्यले. साहेबाले सांगजो."

मी मान हलवली. तेव्हा माझ्यापुढे उद्घाटनाच्या पत्रिका होत्या आणि पाहुण्यांच्या नावांचा क्रम रोज बदलत होता. शिवाय साहेबांना वाटेल, हा घरच्यांची वकिली करतो. स्वतःच्या निःपक्षपातीपणाची मला फार काळजी!

पंधरा दिवसांनी बगिच्यात गेलो. विहिरीत पाणी होतं. तिसऱ्या तुकड्यातल्या झाडांवर पान नव्हतं. वहिनीने पेला पुढे केला. "घ्या भाऊजी. मानसाले पानी द्याची मनाई नाई ना तुमच्या कागदात?"

"दादा, तू काऊन नाई देल्लं पानी?" उलट मीच विचारलं.

"तू सांगतलंच असन ना साहेबाले. मंग म्या मधात हात कायले घालू? सही केली ना."

मी सांगितलं नव्हतं, हे तेव्हा बोललो नाही. अजूनही बोललेलो नाही.

त्या संध्याकाळी साहेबांना सांगितलं, पाणीही सोडलं. पण फांदी मोडली की आत हिरवं दिसेना. दादाचा मोठा पोरगा शाळेत जायला लागला त्या वर्षी लावलेली झाडं ती.

जूनमध्ये दादा कुऱ्हाड चालवत होता. मी फांद्या ओढत होतो, म्हणजे दोन ओढून धापा टाकत होतो. तो थांबला.

"पन तुमचं काम झालं ना बराबर?"

"झालं," मी म्हणालो. खरंच झालं होतं. तिन्ही तुकड्यांतला फरक साहेबांना हवा तितका स्पष्ट आला होता.

दादाला बरं वाटलं. तो पुढच्या झाडाकडे वळला.