खाणीची गाडी आणि आईचा रगडा

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. सातव्या महिन्यात माहेरचं माणूस येतं, मुलीला घेऊन जातं, आणि बाळ तीन महिन्यांचं झालं की मग ती सासरी परतते. माझं माहेर गोव्यात, पेडण्यातलं कोरगाव. सासर डिचोलीकडे, खाणीच्या रस्त्याला लागून. अंतर म्हटलं तर काहीच नाही. पण मला सातवा लागला आणि नेमकं राजभाषा कोंकणी की मराठी ह्यावरून आंदोलन पेटलं. रस्त्यांवर झाडं कापून आडवी टाकलेली, दगड रचलेले, बसगाड्या बंद. वडील मला आणायला दोनदा निघाले आणि दोन्ही वेळा वाटेतल्या धारगळहून परत फिरले. सगळं निवळेपर्यंत मला नववा लागला. म्हणजे जे दिवस कोरगावच्या शांततेत काढायचे, ते मी खाणीच्या रस्त्यावर काढले. त्या वेळी ह्याचं कोणाला काही वाटलं नाही.

खाणीचा रस्ता म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते. खाणीवरून लोखंडाच्या मातीने भरलेल्या गाड्या नदीच्या धक्क्याकडे जायच्या, तिथे माल बार्जीत, म्हणजे मालवाहू बोटीत पडायचा, आणि रिकाम्या गाड्या धावत परत यायच्या. सकाळपासून काळोख पडेपर्यंत हेच. मुख्य रस्ते अडवले तेव्हाही हा आतला रस्ता थोडे दिवस थांबला आणि परत सुरू झाला. गाडी गेली की आमच्या फळीवरची भांडी एकमेकांना लागून वाजायची. लग्न होऊन आले तेव्हा मी दचकायचे. वर्षभरात मला तो आवाज ऐकूच येईनासा झाला. माझे यजमान अशीच एक गाडी चालवायचे, मालक दुसरा.

मुलगी झाली ती कोरगावात. पहिले काही दिवस ती निजूनच असायची आणि आम्हाला वाटलं, गुणाचं मूल आहे. मग तिने सुरू केलं. दिवेलागणीची वेळ झाली की पाय पोटाशी ओढून, मुठी आवळून, तोंड लालबुंद करून जी रडायला लागायची ती जेवणं होऊन भांडी घासून झाली तरी थांबायची नाही. पाजलं तरी तोंड फिरवायची. खांद्यावर घेतलं तर खांद्यावर, पाळण्यात घातलं तर पाळण्यात. मी पहिलटकरीण, मला काय कळणार. ती रडली की माझ्याही डोळ्यांना पाणी यायचं, आणि आई म्हणायची, एकाला एक पुरे, तू गप रहा.

उपाय सगळे झाले. अंघोळ घालायला जी वैजीण यायची ती म्हणाली, पोटात वारा धरलाय. तिने बेंबीभोवती हिंग लावला, वेखंड उगाळून चाटवलं. आईने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणजे दृष्ट होतीच असं ठरलं, पण रडणं होतं तसंच राहिलं. शेवटी आईच्या डोक्यात आलं की मूल दचकतंय. झालं, तिथून आमच्या घरात शांतता सुरू झाली.

शांतता म्हणजे किती? देवघरातली घंटा आईने फडक्यात गुंडाळून ठेवली. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पावाचे उंडे घेऊन यायचा, त्याला सांगितलं की भोंगा वाजवायचा नाही, आमच्या दारात तर नाहीच. मी निजत होते त्या खोलीच्या मागच्या पडवीत आमचा रगडा होता, वाटपाचा जड दगड. आईने तो वापरायचंच बंद केलं. मसाल्याचं वाटप घेऊन ती शेजारी जायची आणि तिथल्या रगड्यावर वाटून आणायची. कोंबड्या हाकलायच्या त्याही हात हलवून, तोंडाने नाही.

सगळ्यात जास्त हाल वडिलांचे. ते मराठीवाले, सभांना जाणारे. राजभाषेचा कायदा होतो आहे, गोव्याला स्वतंत्र राज्याचा दर्जा मिळणार म्हणून बोलणी चाललीत, आणि ह्यांचा रेडिओ बंद. मग ते रेडिओ घेऊन गोठ्यात जाऊन बसायला लागले. आमच्या मराठीचं काय होतंय ते मी गोठ्यात बसून ऐकायचं का, असं त्यांनी एकदा विचारलं. आई म्हणाली, "म्हशीक तरी कळूं दी." ती स्वतः मुलीशी बोलायची कोंकणीत आणि पाळण्यापाशी म्हणायची ते मराठीत, आणि ह्यात काही भांडण्यासारखं आहे असं तिला शेवटपर्यंत वाटलं नाही.

एवढी शांतता केली तर मुलीचं रडणं अर्ध्या वाड्याला ऐकू जायला लागलं. ते वाड्यातून बाजारात आणि बाजारातून डिचोलीला पोचलं. सासूबाईंचा निरोप आला. त्यांनी तिकडच्या देवाला प्रसाद लावला होता. आमच्याकडे देवाला काही विचारायचं असलं की गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सासूबाईंनी विचारलं होतं की पोर घराण्याच्या देवाला दाखवलं नाही म्हणून रडतं काय. उजवी पडली. तेव्हा बाळ-बाळंतिणीला लवकर न्यायला येतो, तयारी ठेवा.

मला जायचं नव्हतं. हे मी कोणाला म्हटलं नाही, पण आईला दिसत होतं. तिकडे उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसायचा, पाणी लांबून आणायचं, अंगणात सकाळी झाडलेली लाल धूळ दुपारी परत. ते सगळं मी करत होते आणि पुढेही करायचंच होतं. पण हे तीन महिने माझे होते. रोज अंगाला तेल, कढत पाणी, शेगडीचा शेक, हातात ताट. लग्नानंतर असं कोणी मला बसवून वाढलं नव्हतं, आणि ह्यानंतर वाढणार नाही हेही ठाऊक होतं. आईने काय केलं, ती आमच्या ग्रामदेवाकडे गेली आणि तिनेही प्रसाद लावला. मुलीला माहेरी राहू देऊ का? तिथेही उजवीच पडली. वडील म्हणाले, आता देवांनीच एकदा धारगळला भेटून काय ते ठरवावं.

महिना होत आला असेल. एका संध्याकाळी, नेहमीचं रडणं नुकतंच सुरू झालं होतं, आणि वाटेवरून घरघर करत एक गाडी आमच्या अंगणापर्यंत आली. यजमान गाडी दुरुस्तीला म्हापशाला घेऊन गेले होते, तिथे काम झालं नाही, म्हणून तसेच इकडे. बरोबर सासूबाई. त्या ट्रकाच्या केबिनमधून उलट्या उतरत होत्या, एका हातात देवाचा अंगारा, दुसऱ्या हाताने नेसूचं सावरत. यजमान खाली उतरले पण गाडी बंद केली नाही. गाडी सुरू करायचा सेल्फ मेला होता, बंद केली तर ढकलायला सगळा वाडा लागला असता, आणि आमचं अंगण सपाट, उतार नाही. गाडी तशीच धडधडत राहिली. पडवीतला कंदील हलायला लागला.

आई दारात आली. जावयाला काय बोलणार, रीत आडवी येते. ती एवढंच म्हणाली, "जावयबापू, पोर दचकतां."

यजमान ओशाळले. सासूबाई मात्र थेट आत आल्या, मुलीच्या कपाळाला अंगारा लावला, तिला माझ्याकडून घेतलं. मुलीने दोन हुंदके दिले. मग तिच्या मुठी सुटल्या. मान बाजूला पडली आणि ती निजली. इतके दिवस ज्या वेळेला आम्ही तिला घेऊन घरभर फिरत होतो, त्या वेळेला ती तोंड उघडं टाकून घोरत होती.

सासूबाईंनी माझ्या आईकडे बघितलं. "घरचो देव वळखलो तिणें," त्या म्हणाल्या. आवाज मोठा केला नाही, त्याची गरजही नव्हती.

आईने चहा केला. पुढच्या रविवारी न्यायचं असं बोलणं झालं, म्हणजे सासूबाई बोलल्या आणि आईने पेल्यात चमचा फिरवला. मी मुलीकडे बघत होते. मला त्या अंगाऱ्याबद्दल शंका नव्हती, देवाबद्दलही नाही. पण मला एक दिसत होतं. बाहेर यजमानांनी गाडीत बसून जरा जोर दिला की मुलीच्या पापण्या अजून जड व्हायच्या.

ती मंडळी निघाली. गाडी वाटेला लागली, वळणावर गेली, आवाज बारीक होत होत बंद झाला. अंगारा कपाळावर तसाच होता. मुलीने डोळे उघडले, इकडेतिकडे बघितलं आणि भोकाड पसरलं.

तेव्हा मी आईला सांगितलं. म्हटलं, ही अंगाऱ्याने निजली नाही, गाडीने निजली. ही पोटात होती तेव्हा रोज संध्याकाळी रिकाम्या गाड्या घरावरून जायच्या. हिने दुसरं काही ऐकलेलंच नाही. आपण घर गप्प केलं आणि ही कावरीबावरी झाली.

आई चहाचे पेले उचलून आत गेली. मला वाटलं तिला राग आला. एवढी घंटा गुंडाळली, वाटप घेऊन दारोदार फिरली, आणि पोरगी म्हणते तेच चुकलं. वर ह्याचा अर्थ असा होत होता की सासूबाई कारणात चुकल्या तरी बोलण्यात बरोबर होत्या. मूल आधीच तिकडचं होतं. खाणीच्या रस्त्यावर नेऊन ठेवलं की ते आपोआप गप्प होणार. मग मला माहेरी ठेवायचं ते कशासाठी?

दुसऱ्या दिवशी आईने सकाळीच तांदूळ आणि उडीद भिजत घातले. दिवेलागणीला मुलीने सूर लावला तशी आई मागच्या पडवीत गेली, रगड्यापाशी बसली, आणि तिने वाटायला सुरुवात केली. रगड्यावर एरवी पाणी घालून वाटतात, आवाज मऊ येतो. आईने पाणी घातलंच नाही म्हटलं तरी चालेल. दगडावर दगड असा काही घरघरला की माझ्या पाठीमागची भिंत हलली. मुलगी रडता रडता थांबली. परत रडली, परत थांबली. आईचा हात चालूच होता. मग माझ्या मांडीवर ती जड झाली.

रविवारी सासूबाई आल्या, ह्या खेपेला बसने. संध्याकाळपर्यंत थांबल्या. रडण्याची वेळ झाली, आई उठून मागे गेली. मुलगी पाळण्यात निजली. सासूबाईंनी एकदा पाळण्याकडे बघितलं, एकदा मागच्या दाराकडे. त्या काही वेड्या नव्हत्या. म्हणाल्या, "तीन म्हयने रीत आसा ती आसाच. रंव दी." आणि शेवटच्या बसने एकट्याच गेल्या.

त्यानंतर माझं माहेरपण निवांत गेलं, आईचं नाही. रोज रगडा म्हणजे रोज पीठ, आणि पीठ झालं की ते संपवायला हवं. आमच्याकडे रोज सकाळी आंबोळ्या झाल्या. शेजारी वाटल्या, म्हशीलाही घातल्या असतील. वडील रेडिओ परत घरात घेऊन आले, तोही मोठा करून, आणि आंबोळी मोडता मोडता म्हणायचे की राज्य मिळालं तर पहिल्या मुख्यमंत्र्यांना आमच्याकडे फराळाला बोलवू, पीठ तयार आहे. आईच्या उजव्या खांद्याला तेव्हा जी कळ लागली ती राहिलीच. ती त्याबद्दल बोलायची नाही, वेणी घालताना हात वर गेला नाही की दिसायचं.

राज्य झालं त्याच सुमाराला मी मुलीला घेऊन सासरी आले. अजून गाड्या चालू होत्या. मुलगी पहिल्याच संध्याकाळी डोळे मिटून गप्प. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या की बघा, घराण्याच्या देवासमोर ठेवली आणि रडणं गेलं. मी मान हलवायचे. त्यात माझं काही जात नव्हतं.

पण पावसात खाणी बंद असतात. जूनमध्ये एका दिवशी गाड्या उभ्या राहिल्या, चालक मंडळी घरी बसली, आणि त्या रस्त्यावर असं सामसूम झालं की पलीकडच्या घरातलं बोलणं ऐकू यावं. दिवेलागणीला मुलगी रडायला लागली. यजमान तिला घेऊन ओसरीवर फेऱ्या मारू लागले. सासूबाईंनी अंगारा लावला. परत लावला.  

दुसऱ्या दिवशी मी पाणी घेऊन आले तर चुलीपाशी टोपात तांदूळ आणि उडीद भिजत घातलेले. मी घातले नव्हते. संध्याकाळी सासूबाई पदर खोचून मागच्या पडवीत गेल्या. यजमानांनी विचारलं, एवढं पीठ कशाला, कोण येणार आहे का? त्या म्हणाल्या, "आंबोळ्यो खावंक दिसल्यो म्हाका." आणि दगड फिरायला लागला, कोरडा, आईसारखाच.

मुलगी लवकर निजली. मी तिला पाळण्यात घालून तिथेच बसून राहिले. मागून सासूबाईंनी हळूच विचारलं, "निजलां गो?" मी हूं म्हटलं, पण ते दगडाच्या आवाजात गेलं असावं. पीठ केव्हाच वाटून झालं होतं. त्या तरीही फिरवत राहिल्या.