समोरच्या काकूंची हाक

खोटं वाटलं तर वाटू द्या. मी लॅबमध्ये रक्त तपासते. रिपोर्टात नाही ते नाही, असा माझा खाक्या. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ टिंगल केली आहे...

आमचं घर नगरला, केडगावात. तीन खोल्या, पुढे अंगण आणि अंगणात जमिनीखाली हौद. नळाला पाणी दिवसाआड, तेही त्याच्या मर्जीने. गल्लीत ज्याला आधी कळेल त्याने बाकीच्यांना हाक मारायची, ही रीत. आणि आधी कळायचं ते कायम समोरच्या सुमनकाकूंना! मूळच्या पाथर्डीकडच्या, आवाज खणखणीत. आमच्या गेटची कडी तीनदा वाजवायच्या आणि ओरडायच्या, "ए सूनबाई, पानी आलं! ऊठ की गं!"

दोन वर्षांपूर्वी आम्ही हौदाला फ्लोट बसवला. हौद भरला की पाणी आपोआप बंद. मग मला त्या कडीचा वैताग यायला लागला. एकदा फटकन बोलून गेले, "काकू, आम्हाला नका उठवू आता. आमचं आपोआप भरतं."

"बरं बाई, न्हाई उठवत," एवढंच म्हणाल्या. चेहरा मात्र उतरला. त्यानंतर कडी वाजली नाही. गेल्या दिवाळीनंतर काकू वारल्या. माफी मागायची राहूनच गेली. मुलगा पुण्याला, घराला कुलूप.

यंदाच्या एप्रिलमधला रविवार, दुपारचे अडीच. पाण्याचा दिवस नव्हता. नवरा ड्यूटीवर. सासरे, म्हणजे अण्णा, त्यांच्या खोलीत झोपलेत असं मी धरून चालले होते. मीही जरा आडवी झाले होते... आणि खण् खण् खण्!

"ए सूनबाई, पानी आलं! ऊठ की गं!"

अर्धवट झोपेत मी चिडूनच उठले. "काकू, सांगितलं ना तुम्हाला—" म्हणत दार उघडलं आणि पायरीवरच थबकले. गेट बंद. गल्लीत चिटपाखरू नाही. समोरच्या घराला कुलूप. अंगावर सर्रकन काटा आला.

तेवढ्यात धार पडल्याचा आवाज आला. हौदाचं झाकण बाजूला सरकवलेलं, आत शिडी लावलेली. वाकून पाहिलं तर अण्णा तळाशी भिंतीला टेकून बेशुद्ध, मान कललेली. वरून नळ चालू आणि पाणी त्यांच्या छातीला लागलेलं!

मी आत कशी उतरले, देव जाणे. त्यांची हनुवटी वर धरून बोंब ठोकली, तेव्हा शेजारचे धावत आले. शुगर एकदम उतरली होती. दवाखान्यात ग्लुकोज चढल्यावर अण्णांनी डोळे उघडले.

"लई गाळ साचला हुता," ते पुटपुटले. "आज पानी येनार न्हाई म्हनून उतरलो. तुला सांगितलं असतं तर वरडली असतीस."

नंतर मी गल्लीत घरोघर विचारलं. कडी कोणीच वाजवली नव्हती. पाणी आलंय हेच मुळी कोणाला माहीत नव्हतं. नवरा म्हणतो, तुला झोपेत नळाचा आवाज आला असेल. असेलही. पण मला काकूंचा आवाज आला! मी इतकं तोडून बोलले होते, तरी ती बाई आली... हे आठवलं की आजही हात आपोआप जोडले जातात. याचा रिपोर्ट माझ्याकडे नाही.

आता पाणी आलं की मी आधी समोर जाते. कुलूपबंद घराच्या गेटची कडी तीनदा वाजवते.

"काकू, पाणी आलं."

गल्लीतले बघतात. बघू देत.